स्प्रे पॉलिशच्या प्रशिक्षणात झालेली फसवणूक : फी भरण्यापूर्वी एवढे पाहून घ्या

लाकडी फर्निचरवर स्प्रे गनने लॅकर, मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही पॉलिशे मारायला थोड्या दिवसांत शिकवतो, अशा जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात आणि सुतारकामातील अनेक होतकरू मुले त्यांना भुलून फी भरतात. पुण्याजवळच्या अशाच एका संस्थेने माझी आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलांची फसवणूक केली. ती कोणत्या मार्गाने झाली हे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण वर्गात बसलेल्या माणसाला ती दिसत नाही. ती उघडी पडते गिऱ्हाइकाच्या घरी.

सांगली जिल्ह्यात आमचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. वडिलांच्या हातचे लाखदाणा आणि स्पिरिटचे पॉलिश लोक अजूनही नावाजतात, पण जेवणाच्या टेबलाला आता पाणी आणि गरम भांडी सोसणारा पीयूचा थर मागितला जातो आणि त्यासाठी दर वेळी बाहेरचा पॉलिशवाला बोलवावा लागतो. हे काम आपल्याच कारखान्यात व्हावे म्हणून मी 28,000 रुपये फी आणि किटचे वेगळे पैसे भरले. ‘शंभर टक्के प्रॅक्टिकल’, ‘कंपनीच्या मटेरियलचे किट’ आणि ‘सरकारमान्य प्रमाणपत्र’ अशी तीन आश्वासने संस्थेने दिली होती आणि त्यांतले एकही खरे नव्हते.

गन आमच्या हातात दिली, ती रंगीत पाणी भरून. पाण्याने सुरुवात करण्यात गैर काही नाही. गन सहा ते आठ इंचांवर आणि काटकोनात धरणे, मनगट न वळवता हात समांतर नेणे, आधीच्या पट्ट्यावर पुढचा पट्टा निम्मा चढवणे, या सवयी पाण्यावरही लागतात. परंतु शेवटच्या दिवसापर्यंत आमच्या गनमध्ये पाणीच राहिले आणि खरे मटेरियल फक्त शिक्षकांनी मारून दाखवले, तेही आडव्या ठेवलेल्या एमडीएफच्या तुकड्यांवर. उभ्या दारावर ओघळ का येतात, मटेरियल घट्ट राहिले किंवा हवेचा दाब कमी पडला की संत्र्याच्या सालीसारखा पोत का उमटतो, गन लांब धरली की कण वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत का होतो, हे पाण्यावर शिकता येत नाही. घट्टपणा मोजण्याचा बी4 कप कपाटात शोभेला ठेवलेला होता. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर पांढरट झाक का येते, असे एका मुलाने विचारले, तेव्हा त्याला गप्प बसवण्यात आले. वास्तविक उत्तर साधे आहे : मटेरियल पातळ करणारा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो, म्हणून अशा हवेत सावकाश उडणारा रिटार्डर घालावा लागतो किंवा काम थांबवावे लागते.

खरी लबाडी किटमध्ये होती. पीयूचा बेस आणि त्यात मिसळून थर टणक करणारा हार्डनर नामांकित कंपनीचे, सीलबंद होते. त्यांच्याबरोबर ‘पीयू थिनर’ म्हणून दिलेल्या डब्याला मात्र ना सील होते, ना बॅच क्रमांक. गावी परतल्यावर एका गिऱ्हाइकाच्या सागवानी टेबलावर मी हे मटेरियल वापरले. सीलर म्हणजे खालचा थर मारला, 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, वर टॉपकोट म्हणजे शेवटचा थर मारला. चमक उत्तम आली, पण आठवडा उलटला तरी नखाने दाबले की व्रण उठत होता. संस्थेला फोन केला, तेव्हा हवा दमट आहे, हार्डनर वाढवा, असे सांगण्यात आले. आमच्या गावातील जुन्या रंगविक्रेत्यांनी थिनरचा वास घेताच तो साधा एनसी थिनर असल्याची शंका बोलून दाखवली. एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असते. ते पीयूच्या हार्डनरशी स्वतःच संयोग पावते, त्यामुळे बेसला मिळायला हवा तो हार्डनर वाया जातो आणि थर कायमचा मऊ राहतो. त्यांच्या सांगण्यावरून मी एकाच बेस आणि हार्डनरमध्ये एकीकडे त्याच कंपनीचा सीलबंद थिनर आणि दुसरीकडे किटमधला थिनर मिसळून दोन फळ्यांवर मारला. दुसऱ्या दिवशी पहिली फळी टणक झाली होती; दुसरी आजही मऊ आहे. टेबलाचा सगळा थर खरवडून मला तो माझ्या खर्चाने पुन्हा करून द्यावा लागला.

पैशांपेक्षा मला अधिक राग आहे तो मास्कचा. किटमध्ये कापडी मास्क दिला होता. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याचे फवाऱ्यातील कण आणि वाफ श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी मास्क ही वाफ अडवू शकत नाही. किमान सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज आणि कण अडवणारा फिल्टर असलेला मास्क आणि वाहती हवा हवीच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे न सांगता गन हातात देऊन कामाला पाठवणे, हा माझ्या मते निव्वळ आर्थिक गुन्हा नाही.

प्रमाणपत्रावर छापलेला ‘सरकारी नोंदणी क्रमांक’ हा उद्यम नोंदणीचा होता. ही नोंदणी कोणत्याही लघुउद्योगाला स्वतः माहिती भरून विनामूल्य मिळते. अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी तिचा काहीही संबंध नाही. मान्यतेचा दावा असेल, तर संस्थेचे नाव स्किल इंडिया डिजिटल हबवर शोधावे आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फी भरण्यापूर्वी एक तास चालू वर्गात उभे राहू देण्याचा आग्रह धरावा आणि शिकणाऱ्यांच्या गनमध्ये काय भरले आहे ते डोळ्यांनी पाहावे. डबा तुमच्यासमोर फुटतो का, मिश्रणाचे प्रमाण कंपनीच्या माहितीपत्रकावरून मोजून घेतात का, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. आम्हाला वर्ग पाहू दिला नव्हता. ‘बॅच भरत आली आहे’ असे सांगून त्याच दिवशी पैसे मागितले होते.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तुम्ही धंद्यासाठी किट घेतले, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे उत्तर संस्थेने दिले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, हे स्पष्ट लिहिले आहे. हे मी कळवल्यानंतर संस्थेने किटचे पैसे परत केले; फीसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. आमच्या बॅचमधील एका मुलाच्या आईने बचत गटातून कर्ज काढून फी रोख भरली होती आणि तिला पावती मिळाली नव्हती. तिच्या कर्जाची गटाच्या वहीतील नोंद, संस्थेचे व्हॉट्सअॅपवरील संदेश आणि वर्गातील छायाचित्रे जोडून त्याचा अर्जही दाखल झाला आहे.