रुग्णालयातलं अंतर्गत रेफरल: फॉर्म सुटसुटीत, पण प्रश्नच गायब

संगणकावरून रेफरल (दुसऱ्या विभागातल्या तज्ज्ञाकडे रुग्णाबद्दल मत किंवा मदत मागणं) पाठवण्याच्या सोयीत कागद हरवत नाही आणि पाठवल्याची वेळ नोंदली जाते. एवढ्यापुरते पूर्ण गुण.

खरी गोची ‘रेफरलचं कारण’ या रकान्यात आहे. फिजिशियन तिथे नुसतं ‘कार्डिओ ओपिनियन’ लिहितात आणि फॉर्म मुकाट पुढे सरकतो. छातीत दुखतंय, की शस्त्रक्रियेआधी फिटनेस हवाय? हृदयरोगतज्ज्ञाने अख्खी फाइल चाळायची. कामाचं रेफरल असं असतं: ‘वय ६२, मधुमेह. क्रिएटिनिन तीन दिवसांत १.२ वरून २.१, लघवी कमी. डायक्लोफिनॅक बंद केलंय. उद्याचा कॉन्ट्रास्ट सीटी करावा का?’ नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाला, एका वाचनात सगळं कळतं: क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलंय, आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक काय किंवा सीटीसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट काय, दोन्ही त्याला त्रासदायक ठरू शकतात.

‘रूटीन’ आणि ‘अर्जंट’ या पर्यायांचं तर हसंच झालंय. लवकर बघावं म्हणून जो तो अर्जंट निवडतो, मग खरं अर्जंट त्याच रांगेत अडकतं. रुग्ण खालावत असेल तर थेट फोन करावा, नोंद मागाहून.

‘फक्त सल्ला’, ‘संयुक्त देखरेख’ की ‘रुग्ण ताब्यात घ्या’ हे निवडणं सक्तीचं आहे, ही मात्र उत्तम गोष्ट. नाहीतर तज्ज्ञ सल्ला लिहून जातात, औषध-तपासणीची ऑर्डर कुणीच टाकत नाही. किंवा एक विभाग शरीरातलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड सुरू करतो, दुसरा पाणी भरणारं सलाईन. असा सल्ला परस्परविरोधी आला, की दोघांना फोनवर घेऊन निर्णय लावणं मूळ फिजिशियनचंच काम. सॉफ्टवेअर ते करत नाही.