‘जीएनएम झालेली मुलगी देतो’ म्हणून आमच्याकडून पैसे घेतले

डिस्चार्जच्या दिवशी इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये जो माणूस आपुलकीने चौकशी करत जवळ येतो, त्याचं कार्ड हवं तर घ्या, पण त्या दिवशी त्याला एक पैसाही देऊ नका. गोव्यात ज्यांच्या घरी आईवडील अंथरुणाला खिळले आहेत किंवा उद्या घरी यायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घातली. भाऊ मस्कतला, मी डिचोलीत, नोकरी पणजीला, आणि आई सत्तरीच्या पुढची, स्वतःच कठड्याला धरून चालणारी. राउंडला डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. नळीतून भरवणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी, रात्रीची जाग, हे सगळं कोण करणार? त्यात चवथ तोंडावर. त्या दिवसांत गोव्यात कामाला माणूस मिळत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

नेमके तेव्हाच ते गृहस्थ आले. आमचा डिस्चार्ज उद्या आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं. “ताई, जीएनएम झालेली मुलगी देतो, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली. नळी, कॅथेटर सगळं येतं तिला. पटली नाही तर चोवीस तासांत बदलून. पण आज भरलेत तर उद्या मुलगी, नाहीतर चवथीनंतरच.” रजिस्ट्रेशनचे ५,००० आणि महिन्याचे २७,००० आगाऊ. भावाने मस्कतहून पैशांची सोय केली आणि आम्ही ते भरले. यूपीआयवर नाव एजन्सीचं नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं: वर लोगो, खाली आकडा, जीएसटी क्रमांक नाही, सही नाही.

मुलगी आली ती परराज्यातली, विशीतली, कामसू, बोलायला मऊ. संध्याकाळी तिने बाबांना सपाट निजवलेलं तसंच ठेवून नळीत पेजेचं पाणी ओतायला घेतलं. वॉर्डातल्या सिस्टरने आम्हाला बजावून सांगितलं होतं की भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. आईने तिचा हात धरला. विचारल्यावर ती रडायला लागली. एका इस्पितळात ती वॉर्ड झाडायचं काम करायची. घरी गेल्यावर नर्स म्हणून सांग, असं तिला एजन्सीने पढवलं होतं. तिचं आधार कार्ड त्यांनी ठेवून घेतलं होतं, आणि आमच्या २७,००० पैकी तिला ९,००० कबूल केले होते, तेही महिना भरल्यावर. माझा तिच्यावर काडीचा राग नाही. आमच्याहून जास्त तीच नागवली गेली होती.

फोन केला की “बदलून देतो ताई, आज संध्याकाळी.” पुढे एक बाई आल्या, त्या एका रात्रीत निघून गेल्या. त्यानंतर कुणीच आलं नाही, आणि मग फोनही बंद झाला. कार्डावरच्या पर्वरीच्या पत्त्यावर गेले तर तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुकानदार बिचारा कंटाळला होता, म्हणाला, तुमच्यासारखे विचारायला येतच असतात.

पैशांचं एक वेळ मी सोडून देईन. बाबांच्या पाठीचं सोडता येत नाही. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. त्या गोंधळाच्या रात्रींत ते झालं नाही. बाबांना मधुमेह. आधी माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबलं तरी त्याची लाली जात नव्हती, आणि तीच अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात असते, हे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने नंतर सांगितलं. मग कातडी फाटली. मग आत खोल. ड्रेसिंगच्या वेळी बाबांना बोलता येत नाही, फक्त डावा हात माझ्या मनगटावर आवळला जातो. सरावाचं माणूस पहिल्या दिवसापासून असतं तर हे टाळता आलं असतं, आणि त्याचेच पैसे आमच्याकडून घेतले होते. म्हणून मला ही नुसती पैशांची लबाडी वाटत नाही.

आता कामाचं सांगते. नर्स म्हणून कुणी येणार असेल तर तिच्याकडे नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतोच. जीएनएम हा तीन वर्षांचा कोर्स आहे, एएनएम हा सहायक नर्सचा कोर्स दोन वर्षांचा. मूळ प्रमाणपत्र पाहायला मागा, व्हॉट्सॲपवरचा फोटो चालवून घेऊ नका. जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे अटेंडंटचा, कोर्स केलेल्या मुली वेगळ्या. अंघोळ, तोंडाने भरवणं, कूस बदलणं यासाठी त्या उत्तम, पण नळी, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग त्यांच्यावर सोपवू नये. आणि दर नर्सचा लावून अटेंडंट पाठवतात, खरी मेख इथेच आहे. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जी घरी येणार तिला डिस्चार्जच्या आधी वॉर्डातच बोलवा आणि सिस्टरसमोर एकदा नळीतून भरवायला सांगा. खरी नर्स असेल तर ती आनंदाने करून दाखवेल. एजन्सी टाळाटाळ करू लागली की तिथेच विषय संपवा. पैसे आठवड्याचे, आठवडा भरल्यावर. मुलीच्या हातात किती पडणार हे करारात लिहून घ्या, कारण जी एजन्सी तिला लुबाडते ती तुम्हालाही सोडणार नाही. पोलीस पडताळणीची प्रत मागायला संकोच नको.

माणूस मिळेपर्यंत घरचेच शिका. इस्पितळात सिस्टरना विनंती केली तर त्या हाताला धरून शिकवतात. आता आई, मी आणि शेजारची वयनी मिळून करतो. हवेची गादी भाड्याने आणली आहे. दिवसा वाड्यावरची एक बाई येते, तिचे पैसे रोजच्या रोज.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणाले. खोटं सांगून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, हे लेखी अर्जात मांडलं आणि पोच घेतली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिथे यूपीआयचा तपशील, चॅट, कार्ड आणि आजाऱ्याच्या डिस्चार्जचे कागद लागतात, म्हणून यातलं काही फोनमधून पुसू नका. आमचा अर्ज तयार आहे, जखमेच्या तारखांसह. त्या मुलीने जबाब द्यायला होकार दिला आहे आणि तिचं आधार कार्ड परत मिळावं ही मागणीही आम्ही त्यातच घातली आहे.