सर क्रीकची चर्चा की बंगालच्या उपसागरातला लवाद?

मुंबईजवळच्या उत्तनची मासेमारी बोट सौराष्ट्र ओलांडून वर सरकली की जीपीएस जागा अचूक दाखवतो. पण भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांना मान्य अशी रेषाच नसते. सर क्रीक ही कच्छ आणि सिंधमधली सीमेवरची खाडी, ९६ किलोमीटरची. पाकिस्तान मुंबई सरकारच्या १९१४च्या ठरावावरून सीमा पूर्व काठावर मागतो, भारत मधल्या प्रवाहात. खाडीचं तोंडच ठरत नाही, तर समुद्रातली रेषा ओढणार कुठून? इंजिन बंद पडून बोट वाहवली की खलाशी थेट पाकिस्तानच्या कैदेत.

बंगालच्या उपसागरात भारताशी सागरी सीमेचा असाच वाद होता; बांगलादेशाने २००९मध्ये लवाद मागितला. ७ जुलै २०१४चा निकाल: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ त्यांना. भारताने तो मानला. मच्छीमारासाठी हाच सौदा बरा: पाणी कमी, पण रेषा नक्की. पण सर क्रीकमध्ये भारताला तिसरा पक्ष नको; कच्छच्या रणाचा काही भाग पाकिस्तानला देणारा १९६८चा लवादाचा निवाडा दिल्लीला अजून सलतो.