कुटुंबसेवेची दोन वर्षांची पदवी: घेण्याजोगी, पण आधी नीट चौकशी करून

मुलगी शाळेत जाऊ लागली आणि दिवसाचे काही तास मोकळे मिळू लागले, तेव्हा मी अमेरिकेतील आमच्या गावाजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये ‘ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली सर्व्हिसेस’, म्हणजे मानवी विकास आणि कुटुंबसेवा, या विषयाच्या असोसिएट पदवीसाठी प्रवेश घेतला. साधारण ६० क्रेडिट्सचा (विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या गुणांकांचा) हा अभ्यासक्रम पूर्णवेळ केल्यास दोन वर्षांत होतो. घर सांभाळून मला तीन वर्षे लागली.

सिद्धान्तांचा भाग अपेक्षेप्रमाणेच होता. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांचे आयुष्याचे आठ टप्पे झाले, आणि दुसरे मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांची एकात एक बसणारी वर्तुळेही झाली, ज्यांत मध्यभागी मूल, भोवती घर व शाळा, त्याबाहेर आईवडिलांची नोकरी आणि सर्वांत बाहेर समाजाच्या चालीरीती येतात. १९६५ साली सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ या गरीब घरांतील लहान मुलांसाठीच्या सरकारी योजनेच्या उभारणीत ब्रॉन्फेनब्रेनर यांचा हात होता, आणि तेथे मुलाच्या शिक्षणाबरोबर आहार, आरोग्य व पालकांचा सहभाग यांचाही विचार होतो. अंगणवाडी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल मात्र मला प्रात्यक्षिकात सापडले. बालसंगोपन केंद्रात बसून एका मुलाचे निरीक्षण लिहायचे होते आणि मी पहिल्याच दिवशी ‘मुलगा चिडला होता’ असे लिहून मोकळी झाले. प्राध्यापिकांनी त्याखाली लाल रेघ ओढून विचारले, ‘तुम्हाला नेमके काय दिसले?’ दुसऱ्या खेपेस मी लिहिले की त्याने ठोकळा भिंतीकडे फेकला, मुठी आवळल्या आणि दाराकडे पाठ केली. आपला अंदाज आणि प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट वेगळी ठेवण्याची ही सवय लागायला मला अख्खे सत्र लागले, आणि तेवढ्यासाठीसुद्धा फी वसूल झाली असे मी म्हणेन.

जेनोग्राम, म्हणजे कुटुंबाचा नकाशा, काढताना पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळ वापरतात. माझ्या माहेरच्या नकाशाला दोन कागद चिकटवावे लागले. रेषांवरून मावशी, आत्या, काकू आणि मामी वेगळ्या ओळखू येत होत्या, पण पुस्तकाच्या लेखी त्या चौघीही ‘आंटी’च होत्या. एकत्र कुटुंबाला पुस्तकात जेमतेम दीड पान मिळाले होते.

तक्रार आहे ती सल्लागार कक्षाविषयी. पुढे चार वर्षांच्या पदवीला जायचे झाल्यास सगळी क्रेडिट्स धरली जातील असे मला तोंडी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात विद्यापीठाने तीन विषय केवळ ऐच्छिक म्हणून स्वीकारले आणि त्यांतले दोन मला नव्याने घ्यावे लागले. म्हणून प्रवेशापूर्वीच, ज्या विद्यापीठात पुढे जायचे आहे त्याच्याकडून कोणता विषय कशाच्या जागी धरला जाईल, हे लेखी घ्यावे.

नोकरीच्या दृष्टीने पाहता, २००७ च्या कायद्यानुसार हेड स्टार्टमध्ये वर्गशिक्षक होण्यासाठी बालशिक्षणातील किंवा त्याच्याशी संबंधित विषयातील किमान असोसिएट पदवी लागते, त्यामुळे आपले विषय त्या अटीत बसतात का, हे आधीच विचारून घ्यावे. वृद्धांची दिवसकेंद्रे आणि निवारागृहे येथेही ही पदवी चालते; पगार बेताचाच असतो. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण झाल्याखेरीज मला प्रात्यक्षिकाला उभे करण्यात आले नाही आणि त्यात पाच आठवडे गेले, तेव्हा तो अर्ज सत्र सुरू होण्याआधीच भरून ठेवावा.