रेषांतून नृत्य पाहायला शिकवणारी सीडी

डिजिटल तंत्रज्ञानाने नृत्याची निर्मिती कशी बदलली याचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे कोणी विचारले तर मी त्याला आजच्या सेन्सरांकडे न पाठवता १९९९ साली प्रकाशित झालेल्या एका सीडी-रॉमकडे पाठवीन. 'इम्प्रोव्हायझेशन टेक्नॉलॉजीज' हे तिचे नाव. फ्रँकफर्टच्या बॅले कंपनीचे तेव्हाचे प्रमुख नृत्यरचनाकार विल्यम फोर्साइथ आणि कार्ल्सरुहे येथील झेडकेएम ही कला व माध्यमांना वाहिलेली संस्था यांनी मिळून ती तयार केली. १९९४ च्या सुमारास हे काम सुरू झाले, तेव्हा कंपनीतील नर्तकांना फोर्साइथ यांची विचारपद्धती आत्मसात करता यावी एवढाच मर्यादित हेतू होता. पुढे तेच साहित्य सर्वांसाठी खुले झाले.

तिच्यात साठाहून अधिक छोटी व्याख्याने आहेत. फोर्साइथ मोकळ्या जागेत एकटे उभे राहून बोलतात, बोलता बोलता हात किंवा खांदा हलवतात, आणि त्यांच्या मनात असलेली रेषा पडद्यावर पांढऱ्या रंगात उमटते. तंत्र म्हणून हे अगदी साधे आहे, कारण त्या रेषा चित्रीकरणानंतर त्यावर रेखाटलेल्या आहेत आणि शरीराच्या हालचाली टिपणारे कोणतेही यंत्र तेथे नाही. परिणाम मात्र विलक्षण आहे. नर्तक दोन बिंदूंमध्ये रेषा कल्पितो, ती सरकवतो, दुमडतो, खाली पडू देतो किंवा तिला टाळून स्वतःच बाजूला होतो, हे सारे एरवी त्याच्या डोक्यातच राहते आणि प्रेक्षकाला केवळ त्याचे फलित दिसते. येथे फलित आणि त्यामागचा विचार एकाच चौकटीत दिसतात.

मी रोज एक प्रकरण पाहून लगेच ते करून पाहण्याचा आणि स्वतःचे चित्रीकरण तपासण्याचा क्रम काही महिने पाळला. पहिले काही आठवडे माझ्या हालचाली आकृत्या गिरवल्यासारख्या कोरड्या होत होत्या. नंतर, ओळखीच्या खोलीतील वस्तूंचे आकार शरीराच्या निरनिराळ्या भागांनी हवेत 'लिहायचे', या प्रकरणापाशी एक गोष्ट उमगली. दाराची चौकट हाताने काढताना मी वर्षानुवर्षांच्या सवयीने जे करतो तेच करत होतो, परंतु तीच चौकट पाठीने किंवा कोपराने काढायची म्हटल्यावर सवयीचा आधार तुटला आणि शरीराला नवी वाट शोधावी लागली. उत्स्फूर्त नृत्य म्हणजे मनाला येईल तसे हलणे, हा माझा समज त्या दिवशी गेला. नेमके बंधन घातल्याशिवाय शरीर आपल्या जुन्याच वळणावर जाते, हे मी शंभर वेळा वाचले असते तरी इतके पटले नसते.

या साहित्याची मांडणी पुस्तकासारखी सरळ रेषेत जात नाही, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. एखादी संकल्पना समजावून घेता घेता कंपनीतील नर्तकांनी केलेले तिचे उदाहरण पाहता येते, आणि फोर्साइथ यांनी स्वतः सादर केलेले 'सोलो' हे एकल नृत्यही तेथेच आहे. मी ते आधी काहीही न शिकता पाहिले, तेव्हा तो वेगवान गुंता वाटला. व्याख्याने संपल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा कोठे रेषा दुमडली गेली आणि कोठे ती टाळली गेली हे डोळ्यांना आपसूक जाणवू लागले.

याच काळात अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम वेगळ्या दिशेने निघाले होते, याची येथे आठवण होते. १९८९ पासून, म्हणजे वयाच्या सत्तरीत, ते लाइफफॉर्म्स या सॉफ्टवेअरवर मानवाकृती हलवून रचना करू लागले, आणि पडद्यावरची आकृती जे सहज करी ते नर्तकांच्या शरीरांकडून कितपत करवून घेता येईल, याचा शोध घेत राहिले. तेथे संगणक नव्या हालचाली सुचवत होता. या सीडीत तो नर्तकाच्या मनातली हालचाल इतरांना दाखवतो. अभ्यासकाने या दोन भूमिका वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण 'तंत्रज्ञानाचा नृत्यावरील प्रभाव' अशा ढोबळ शब्दप्रयोगात दोन्हींची सरमिसळ होते.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पांढरी रेषा आकार दाखवते, मात्र वजन कोणत्या पायावर आहे, श्वास कोठे रोखला गेला, हालचालीत जोर किती आणि ढिलाई किती, यांपैकी काहीच ती सांगत नाही. केवळ रेषांच्या मागे लागलेला विद्यार्थी नीटस पण निर्जीव नाचू लागण्याचा धोका खरा आहे. दुसरे असे की, व्याख्यानांत शरीर एकटेच आहे. नर्तक एकमेकांना इशारे कसे देतात आणि ते कसे झेलतात, याचे उत्तर तेथे मिळत नाही. ते हवे असेल त्याने फोर्साइथ यांनी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या सहकार्याने २००९ साली सादर केलेला 'सिंक्रोनस ऑब्जेक्ट्स' हा प्रकल्प पाहावा. वीस टेबलांमधून सतरा नर्तक फिरत असताना त्यांच्यात होणारी देवाणघेवाण तेथे आलेखांनी उलगडली आहे.

माध्यमाचे वय हीसुद्धा मोठी अडचण आहे. त्या काळातील संगणकप्रणालींसाठी लिहिलेल्या अशा डिस्क आजच्या यंत्रांवर सहसा चालत नाहीत. मला त्यासाठी एक जुना संगणक मिळवावा लागला. सुटी व्याख्याने इंटरनेटवर पाहायला मिळतात, पण तेथे एका प्रकरणातून दुसऱ्यात जाण्याची मूळ सोय उरत नाही आणि समजण्याची अर्धी वाट त्या सोयीतूनच जात होती. म्हणून ज्या ग्रंथालयात किंवा नृत्यविभागात ही डिस्क आणि ती चालवणारे यंत्र दोन्ही शाबूत असतील, तेथे जाऊन सलग आठवडाभर बसावे. सोबत वही ठेवावी, आणि 'सोलो' सर्वांत आधी एकदा व सर्वांत शेवटी एकदा पाहून दोन्ही वेळची टिपणे शेजारी ठेवून वाचावीत.