मोरपिशी भिंती, आमसुली सोफा आणि बाबांची खुर्ची: दहा महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याच्या आधी आम्ही हॉल भडक करून घेतला. ‘भडक’ हा शब्द बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. इंटिरिअरवाल्या मुलाचा शब्द ‘मॅक्सिमलिस्ट’ होता. काम झालं त्या आठवड्यात काढलेले फोटो अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतं, ‘आम्हालाही असंच करायचंय, करू का?’ आता एक दिवाळी, एक कडक उन्हाळा आणि बराचसा पावसाळा या खोलीने पाहिलाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

घर ठाण्यात घोडबंदर रोडवर, अकराव्या मजल्यावर, टू बीएचके. हॉल अकरा बाय सतरा. उजेडाची वाट एकच, उत्तरेची बाल्कनी, आणि तिच्यासमोर दुसरा टॉवर. पश्चिमेची लांब भिंत बाहेरची आहे, पण तिला खिडकी द्यायची बुद्धी बिल्डरला झाली नाही. नऊ वर्षं सगळं ऑफ व्हाइट होतं. घरी आलं की बँकेच्या शाखेत आल्यासारखं वाटायचं, आणि मी बँकेतच काम करते.

तर आता काय आहे: भिंती मोरपिशी, सोफा आमसुली मखमलीचा, त्यावर खणाच्या उशा, हळदी पडदे, सोफ्यामागे केळीच्या पानांचा वॉलपेपर, समोरच्या भिंतीवर एकतीस फ्रेम्स. एकूण खर्च २ लाख ८५ हजार. सोफा जुनाच, फक्त फोम आणि कापड बदललं, तरी तिथेच ७८ हजार गेले. फ्रेम्सना लागलेले ३१ हजार मला आधी कुणी सांगितले असते तर मी वीसवरच थांबले असते.

आधी रंगाबद्दल. गडद रंग म्हणजे एक हात मारला की झाकलं सगळं, असं मला वाटायचं. उलटं आहे. गडद शेड ज्या बेसमध्ये कालवतात त्यात पांढरं टिटॅनियम डायऑक्साइड फारच कमी असतं, आणि खालचं झाकायचं काम मुख्यतः तेच करतं. म्हणून आधी राखाडी प्रायमर मारून घ्यायचा असतो. आमच्या पेंटरने तसं सांगितलंही होतं. आम्ही चार हजार वाचवले आणि दोनऐवजी चार हात मारून घेतले.

दुसरं, मॅट फिनिश. दिसायला देखणं, अगदी मखमलीसारखं. पण येता-जाता खांदा लागतो, दप्तर घासतं, तिथे भिंतीवर चकाकी येते. ओल्या फडक्याने पुसलं तर ती चकाकी पसरते. स्विचबोर्डाच्या भोवती आमच्याकडे आता एक चकचकीत ढग तयार झालाय. किंचित चमक असलेलं सॅटिन फिनिश घेतलं असतं तर पुसता आलं असतं, पण त्यात पुट्टीचे उंचवटे उठून दिसतात. काहीही घ्या, अर्धा लिटर रंग मात्र मागे ठेवून घ्या. आमचा लोणच्याच्या बरणीत आहे आणि आतापर्यंत तीनदा बाहेर निघालाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे छत. भिंतींबरोबर छतही मोरपिशीच केलं. फोटोत ते अप्रतिम दिसतं. घरात आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो, रात्री आठला आत येतो. मुलगी कॉलेज आणि क्लास करून सातला. दिवे लागले की ही खोली अशी काही खुलते की बाहेर जेवायला जायची इच्छाच होत नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दिवसभर त्या खोलीत असतात ते एकटे बाबा. वय ७८. नऊ ते अकरा पेपर, भिंग घेऊन, शेवटच्या पानावरच्या शब्दकोड्यासकट.

दिवाळीच्या सुमारास त्यांची खुर्ची बाल्कनीच्या उंबरठ्यापर्यंत सरकली. डिसेंबरात ती बेडरूमच्या खिडकीपाशी गेली. आमच्या ते लक्षातही आलं नाही, कारण रात्री ती परत जागेवर असायची. २६ जानेवारीला सुट्टी होती, साडेनऊला चहा घेऊन हॉलमध्ये गेले तर हॉल रिकामा.

‘बाबा, इथे का बसलात?’

‘अगं, तिथे अक्षरं लागत नाहीत. तुमचा हॉल संध्याकाळचा आहे.’

तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं. खुर्ची ते रोज रात्री स्वतः ओढून परत जागेवर ठेवत होते.

शेडकार्डावर किंवा कंपनीच्या साइटवर रंगाच्या नावाशेजारी एलआरव्ही नावाचा एक आकडा सापडतो. भिंत पडलेल्या उजेडातला किती टक्के परत देते, त्याचा. चांगल्या पांढऱ्याचा ८० च्या वर असतो. आमच्या मोरपिशीचा ७ निघाला. एका बाल्कनीतून येणारा उत्तरेचा मवाळ उजेड, त्यातला बहुतेक सगळा भिंती गिळणार, उरलेला छत. हा आकडा मी फेब्रुवारीत पाहिला, सप्टेंबरात पाहायला हवा होता.

फेब्रुवारीत छत फिकट हळदी करून घेतलं (सगळा पसारा पुन्हा झाकायचा, पंखा उतरवायचा, दोन दिवस पोळीभाजी बाहेरून). बाल्कनीसमोरच्या भिंतीवर मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला नक्षीच्या चौकटीचा आरसा लावला. बाबांच्या खुर्चीमागे ४००० केल्विनचा उभा दिवा आला (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा: कमी तेवढा पिवळसर, जास्त तेवढा निळसर पांढरा). खुर्ची परतली. पावसाळी सकाळी मात्र ती अजूनही बेडरूमच्या खिडकीपाशीच असते.

दिव्यांचं प्रकरणही सुरुवातीला फसलं होतं. आधीच्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली मोरपिशी भिंत जुन्या दवाखान्यासारखी दिसायची आणि आमसुली सोफा चक्क तपकिरी. स्वस्त एलईडीमध्ये लाल रंग मरतो. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेले, २७०० केल्विनचे दिवे घेतले आणि त्याच सोफ्याने कात टाकली. छतातले सहा दिवे आता आम्ही जवळजवळ लावतच नाही. कोपऱ्यातले चार लावतो. डिमर हवा असेल तर ‘डिमेबल’ लिहिलेलेच दिवे घ्या, नाहीतर मंद केल्यावर ते लग्नाच्या तोरणासारखे फडफडतात.

फ्रेम्सची भिंत हे या हॉलचं खरं सुख. त्यात काय काय आहे: सासूबाईंनी भरलेला मोर, माझ्या आजीने शिवलेली कुंची काचेमागे, पिंगुळीहून आणलेली दोन चित्रकथी चित्रं, रविवर्म्याच्या लक्ष्मीची एक जुनी छापील प्रत, मुलीने चौथीत काढलेला अतिशय चिडलेला हत्ती. आणि जव्हारहून घेतलेलं वारलीचं मोठं चित्र, गेरूवर तांदळाच्या पिठीचं, तारप्याभोवती फेर धरलेला. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-डहाणू आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे हे चित्र ‘आपल्या जिल्ह्याचं’ आहे असं बाबा पाहुण्यांना ठासून सांगतात. हॉलमधली त्यांना मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट.

लावताना मात्र घाम निघाला. आमच्या बिल्डिंगच्या भिंती मायवान पद्धतीच्या, म्हणजे विटा नाहीत, सगळं सलग काँक्रीट. खिळा वाकतो, साधं ड्रिल रडतं. हॅमर ड्रिल लागतं आणि एक भोक चुकलं तर ते आयुष्यभर दिसतं. मी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सगळ्या फ्रेम्स मांडल्या, प्रत्येकीचा कागद कापला, ते कागद चिकटपट्टीने भिंतीवर लावून चार दिवस तसेच ठेवले. चार दिवसांत अकरा जागा बदलल्या. हा खटाटोप कराच. भोकं वाचावीत म्हणून काही हलक्या फ्रेम्स चिकटपट्ट्यांवर लावल्या होत्या. जूनच्या अखेरीस एका रात्री तीनच्या सुमाराला त्यातल्या दोन खाली आल्या. दमट हवेत त्या पट्ट्यांवर भरवसा नको.

आता धूळ. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे सांगायला नको: मेट्रोची कामं, रात्रभर जाणारे ट्रेलर. पांढऱ्या हॉलमध्येही एवढीच धूळ यायची, फक्त दिसत नव्हती. गडद भिंतीवर आणि एकतीस फ्रेम्सच्या वरच्या काठांवर ती पिठासारखी दिसते. कामाला येणाऱ्या मावशी पहिल्याच आठवड्यात भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, या भिंतीचे पैसे वेगळे.’ रास्त होतं, देते. शिवाय दर रविवारी माझा पाऊण तास. पितळेच्या समया, घंगाळ आणि दोन कंदील यांचा हिशोब आणखी निराळा. दमट हवेत पितळ महिन्याभरात काळवंडतं. चिंच लावा नाहीतर पितांबरी, पण लावावी लागते. जूनपासून मी घंगाळ काळंच ठेवलंय. ते तसंही बरं दिसतं, असं स्वतःला पटवलंय.

वॉलपेपरबद्दल मात्र मनापासून सांगते: बाहेरच्या भिंतीवर लावू नका. आमच्या सोफ्यामागचा अकरा फुटांचा पट्टा त्या पश्चिमेच्या भिंतीवर. रोल ५७ चौरस फुटांचा येतो, आमची जागा ९९ चौरस फूट, म्हणून मी दोन रोल धरले होते. पण रोल २१ इंच रुंद, म्हणजे पट्ट्या लागतात सात, आणि पानं एकमेकांना जुळवत कापलं की एका रोलमधून तीनच पट्ट्या निघतात. सातव्या पट्टीसाठी तिसरा रोल. हे गणित दुकानदार सांगतो, पण पैसे देताना.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये वास यायला लागला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. आधी गालिच्यावर संशय घेतला, तो उचलून बाल्कनीत टाकला. मग मुलगी म्हणाली, ‘आई, केळीचं पान फुगलंय.’ खरंच, उजव्या खालच्या कोपऱ्यात एक पान गरोदर असल्यासारखं दिसत होतं. कोपरा हलकेच सोडवला तर मागे काळे ठिपके, दाट, फुटभर उंचीपर्यंत, आणि पुट्टी बोटाला पेढ्यासारखी निघून आली. या भिंती ओतताना साच्याला सळ्या लावतात, त्यांची भोकं नंतर बुजवतात. आमच्या बाहेरच्या बाजूचं एक नीट बुजलेलं नव्हतं. ओल कदाचित आधीपासूनच येत असेल, पण साध्या रंगातून ती थोडी वाळून तरी जायची. विनाइलचा कागद म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट, आतली ओल आतच. ज्याने लावून दिला तो फोनवर म्हणाला, ‘मॅडम, कागदाला काही झालेलं नाही ना?’ कागदाला खरंच काही झालेलं नव्हतं.

सोसायटीने बाहेरून झुल्यावर माणूस पाठवून भोक बुजवलं. उजवीकडच्या दोन पट्ट्या मी काढून टाकल्या, भिंत उघडी ठेवलीय. दिवाळीआधी कोरडी झाली तर तिथे रंगच. पानं हवीशी वाटली तर कुणाकडून तरी रंगवून घेईन.

मखमल. पॉलिएस्टरची मखमल घासायला, पुसायला कणखर निघाली, चहाचे दोन डाग गेलेसुद्धा. पण पांढऱ्या बनियनचा, टॉवेलचा प्रत्येक धागा ती पकडून ठेवते, आणि एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय तिच्यावर बसणं म्हणजे शिक्षा. नवऱ्याने शेवटी तिच्यावर सुती चादर टाकली. ७८ हजारांचा सोफा दोन महिने चादरीखाली होता. लहानपणी ज्यांच्या घरी सोफ्यावर कायम चादर असायची त्यांना मी हसायचे. खणाच्या उशांनी पहिल्या धुण्यात रंग सोडला, तो हळदी पडद्यावर. पुढच्या वेळी खण आधी वेगळा धुऊन घेणार.

माझी मुलगी डिझाइन शिकते. तिच्या मते या सगळ्याचं मूळ १९८१ साली मिलानमध्ये पहिलं प्रदर्शन भरवणाऱ्या मेम्फिस गटाच्या भडक फर्निचरमध्ये आहे. असेलही. पण नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी आईची शोकेस होती. त्यात कोंडापल्लीची बाहुली, शंख, ताजमहाल, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला कपबशांचा सेट, सावंतवाडीची लाकडी फळं आणि वर क्रोशाचा रुमाल. वाड्यातल्या दिवाणखान्यात हंड्या, झुंबरं, तसबिरी असायच्या, चाळीत शोकेस. एक इंच मोकळा सोडायचा नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका नेहमी वीस मिनिटांत निघतात, यंदा तासभर बसल्या आणि प्रत्येकीने वाण एका हातात धरून फ्रेम्सच्या भिंतीपाशी फोटो काढला. माझ्या आत्येसासूबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘छान आहे गं, पण नजर कुठे ठेवायची?’

हा प्रश्न आता गणपतीत येणार आहे. दरवर्षी मखर करायला आम्हाला चार रात्री लागायच्या, कारण मागची पांढरी भिंत झाकायची असायची. या भिंतीपुढे मात्र काहीही उभं केलं तरी ते हरवतं. मागच्या रविवारी नवऱ्याने झेंडूच्या माळा लावून पाहिल्या, दिसेनात. दिव्यांची तोरणं लावली, तर मूर्तीपेक्षा आरसाच चमकायला लागला. बाबा खुर्चीतून बघत होते. उठले, कपाटातून त्यांचं धुतलेलं पांढरं धोतर आणलं आणि म्हणाले, ‘हे लाव मागे.’ लावलं. पाट ठेवला, त्यावर मूर्तीऐवजी तांब्या ठेवून पाहिला. तांब्यासुद्धा शोभून दिसला.