रात्री जेवताना काय लावायचं: हास्यजत्रा, हवा येऊ द्या की टिपरे?

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात सकाळी एक विषय हमखास निघतो. काल कोणतं स्किट जमलं, कोणतं पडलं, कोणाचं टायमिंग आता पूर्वीसारखं राहिलं नाही. ऐरोली येईपर्यंत डब्यात सरळ दोन तट पडलेले असतात, एक ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’वाल्यांचा आणि दुसरा ‘चला हवा येऊ द्या’वाल्यांचा. मी रबाळ्याला उतरते तेव्हा भांडण ऐन रंगात आलेलं असतं.

घणसोलीच्या माझ्या मावसबहिणीने मला विचारलेला प्रश्न मात्र या भांडणात कधीच निघत नाही. तिच्या सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्यात. मुलगा पाचवीत, इंग्रजी माध्यमात. ती म्हणाली, “ताई, रात्रीच्या जेवणाला आम्ही चौघं एकत्र बसतो. मोबाइल बाजूला ठेवून सगळ्यांना बघता येईल असं काय लावू?” तुमच्या घरीही हाच पेच असेल, तर मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

‘हास्यजत्रा’ सोनी मराठीवर 2018 साली सुरू झाली. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी हे तिचे कर्ते. समोर परीक्षक म्हणून प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर, सूत्रसंचालनाला प्राजक्ता माळी. प्रत्येक प्रहसन सुटं असतं, त्याला मागचापुढचा संदर्भ लागत नाही. जेवणाच्या ताटावर ही गोष्ट फार मोलाची आहे. कोणी पोळी आणायला उठलं, कोणाचा फोन आला, तरी पुढचं स्किट नव्याने सुरू होतं आणि उठून गेलेला माणूस परत गोष्टीत येतो.

तिची खरी ताकद मला नटांच्या जोड्यांमध्ये दिसते. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जुनी प्रहसनं लावून बघा. समीर नुसते हातवारे करत, अर्थ नसलेले शब्द तोंडातल्या तोंडात फिरवत उभा राहतो आणि विशाखा ते सगळं खरं धरून उत्तर देते. ती एका क्षणासाठीही हसली असती, तर सगळं कोसळलं असतं. विनोद करणाऱ्यापेक्षा तो झेलणाऱ्याचं काम अवघड असतं, हे मला या जोडीने शिकवलं. नम्रता संभेरावचं लॉली हे पात्र किंवा प्रभाकर मोरेंचं कोकणी हेल काढून गायलेलं ‘शालू’ ही तर आता आमच्या डब्यातल्या बायकांची रोजची भाषा झाली आहे. घणसोलीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत म्हणजे अरुण कदमांचा ‘दादूस’. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ही मूळची आगरी-कोळ्यांची गावं. बहिणीच्या शेजारच्या आगरी आजी दादूसचा आवाज आला की हातातलं काम टाकून बाहेर येतात. आपली बोली टीव्हीवर ऐकू येणं ही साधी गोष्ट नाही, निदान ज्यांची बोली पूर्वी फक्त नोकराच्या तोंडी दिली जायची त्यांच्यासाठी तरी नाही.

‘हवा येऊ द्या’ हा वेगळ्या जातीचा कार्यक्रम. झी मराठीवर 2014 मध्ये तो डॉ. निलेश साबळे यांच्या लेखन-दिग्दर्शनाखाली सुरू झाला. येऊ घातलेल्या सिनेमाची टीम थुकरटवाडीत यायची आणि तिच्यासमोर तिच्याच सिनेमाची खिल्ली उडवली जायची. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे आणि भारत गणेशपुरे अशी मूळची फळी. गणेशपुरेंची वऱ्हाडी ऐकली की आमच्या ऑफिसातल्या अमरावतीच्या मैत्रिणीला माहेरी गेल्यासारखं वाटतं. पण या कार्यक्रमातलं अर्धं हसू पाहुण्यावर टांगलेलं असतं. ज्याची नक्कल चालली आहे तो नट तुम्हाला माहीत नसेल, तर विनोद डोक्यावरून जातो. बहिणीचा मुलगा मराठी सिनेमे बघत नाही. त्याला दर दोन मिनिटांनी “हा कोण?” विचारावं लागलं असतं आणि सासूबाईंनाही.

तरी एका गोष्टीसाठी मी हा कार्यक्रम कोणालाही बघायला लावीन. अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं, जी सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचायचा. तासभर हसून सैल झालेल्या माणसासमोर एकदम शेतकऱ्याचं, सैनिकाच्या घरचं पत्र यायचं आणि ताटावरचा हात थांबायचा. माझ्या मते मराठी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाने केलेलं ते सर्वात धाडसी काम होतं. हसवणाऱ्याने पाच मिनिटं हसवायचं थांबवणं याला मोठा विश्वास लागतो.

जुनी मालिका 2024 च्या मार्चमध्ये थांबली आणि 2025 च्या जुलैत अभिजीत खांडकेकरच्या सूत्रसंचालनात नव्याने आली. हास्यजत्रेतून बाहेर पडलेला गौरव मोरे आता तिकडे दिसला, आणि आमच्या डब्यातल्या दोन तटांचं गणितच बिघडलं. गौरव म्हणजे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’, तो आता कोणाच्या बाजूचा, यावर तुर्भ्यापर्यंत जाणाऱ्या बायका अजून बोलतात. नव्या रूपात नवोदितांना मंच मिळाला, ते चांगलंच झालं. पण मला आठवणारी हवा ही जुनीच, आणि सुरुवात करणाऱ्याने जुन्या भागांपासूनच करावी.

दोन्हींबद्दल एक सावधगिरी. जाडी, रंग, साडी नेसलेला पुरुष यांवरचे विनोद या प्रकारच्या कार्यक्रमांत येत राहतात. पाचवीतला मुलगा सोबत असेल तर मोठ्यांनी शेजारी बसून बघावं आणि खटकलं तर तिथल्या तिथे बोलावं.

आता तिसरा पर्याय, जो डब्यात कोणीच सुचवत नाही. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. 2001 ते 2005, तेव्हाची अल्फा मराठी म्हणजे आजची झी मराठी. दिलीप प्रभावळकर आबांच्या भूमिकेत, दिग्दर्शन केदार शिंदेचं. एका मध्यमवर्गीय घरातल्या तीन पिढ्या आणि त्यांचे रोजचे छोटे प्रश्न.

हा पर्याय मला माझ्या वडिलांमुळे कळला. ते नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी राहतात, कानाला मशीन आहे. टाळ्या आणि हशा असलेला कोणताही कार्यक्रम लावला की मशीन शब्दांबरोबर हशाही तितकाच मोठा करतं. पंच त्या गोंगाटात बुडतो. मग ते माझ्याकडे बघतात, मी कानाशी वाकून वाक्य परत सांगते, आणि तोवर पुढचा पंच निघून गेलेला असतो. सगळे हसत असताना ते नुसते आमच्या तोंडांकडे बघत हसतात. ते बघवत नाही. एका रविवारी मी टिपरे लावलं. आबा जेवणाच्या टेबलावर मुलाला काहीतरी सांगत होते. वडील घास हातात धरून म्हणाले, “बरोबर बोलतायत.” त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला होता. त्या दिवशी ते आमच्याबरोबर हसले.

मराठी कच्चं असलेल्या मुलालाही हीच मालिका सोपी जाते. वाक्यं पूर्ण असतात, एकावर एक येत नाहीत आणि घरातल्यासारखी असतात. अडचण इतकीच की ती संथ आहे, आणि आजच्या मुलाला पहिले दोन भाग रटाळ वाटू शकतात. रीलच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना थोडा वेळ द्यावा लागतो.

कुठे बघायचं हा प्रश्न सोपा आहे. हास्यजत्रा सोनी लिव्हवर, हवा येऊ द्या झी फाइव्हवर. पैसे एकाच ॲपचे भरायचे असतील, तर जास्त दिवस पुरेल ती हास्यजत्रा. यूट्यूबवरच्या दोन मिनिटांच्या तुकड्यांवर मात्र मत बनवू नका. तुकड्यात पंच दिसतो, पण त्याच्या आधीची दहा मिनिटांची बांधणी दिसत नाही. डब्यात “अमुक स्किट पडलं” म्हणणाऱ्या निम्म्या बायकांनी फक्त तुकडाच पाहिलेला असतो, आणि यावर मी तिथेही भांडते.

बहिणीला मी सांगितलं, रोज हास्यजत्रा, एका वेळी एकच स्किट, तेही जुन्या समीर-विशाखापासून सुरू कर. शनिवारी रात्री मुलाला जागायची परवानगी असते तेव्हा टिपरे, आजी-नातवाला शेजारी बसवून. हवा येऊ द्या तिने आणि नवऱ्याने मागाहून बघावं, पत्रं तर नक्कीच.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. नातू आता आजीला लॉलीची नक्कल करून दाखवतो आणि आजी त्याला “अरे, तो हात असा नाही, असा” म्हणून सुधारते.